आठ स्लॉट

२००७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टीव्हीवर अॅपल कंपनीची एक छोटी जाहिरात लागत असे. पांढराशुभ्र पडदा आणि त्यापुढे दोन माणसे. जीन्स घातलेला तरुण म्हणजे मॅक, आणि चष्मा लावणारा, नेहमी कोट-टायमध्ये असणारा गृहस्थ म्हणजे पीसी. त्या दिवशी मात्र पीसी दवाखान्यातल्या पेशंटचा झगा घालून आलेला असतो. मायक्रोसॉफ्टची नवी विंडोज व्हिस्टा पेलायची तर ग्राफिक्स कार्ड बदलायला हवे, मेमरी वाढवायला हवी, म्हणून त्याचे ऑपरेशन आहे. बिचारा घाबरलेला. आपण परत आलो नाही तर आपले सामान मॅकने ठेवून घ्यावे, असे सांगून तो निघतो.

विनोद चांगला आहे. पण तो कशाच्या आधारावर उभा आहे ते पाहा. कॉम्प्युटर उघडून आतला एखादा भाग बदलणे म्हणजे जिवावरचे दुखणे, असे ही जाहिरात सुचवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड कॉम्प्युटर आणणाऱ्या आपल्या पिढीला हे पटणे कठीण. आमच्याकडे तर उघडलेल्या सीपीयूचे (त्या डब्याला सीपीयू म्हणणे चूक आहे, पण आपण सगळेच म्हणतो) झाकण परत लावायचे कष्टही कुणी घेत नसे. उन्हाळ्यात शेजारी टेबल फॅन ठेवला की काम भागायचे.

आणि ज्या कंपनीने हा विनोद केला, तिचा संसारच अशा उघडता येणाऱ्या डब्यावर उभा राहिला होता.

ही गोष्ट १९७७ ची. स्टीव्ह वॉझ्नियाकने ‘अॅपल टू’ हे यंत्र बनवले. त्याआधी जॉब्जच्या सांगण्यावरून त्याने अटारी कंपनीसाठी ‘ब्रेकआउट’ या खेळाचे सर्किट जुळवले होते. चेंडूने विटा फोडायचा तो साधा खेळ. तोच खेळ आपल्या यंत्रावर बेसिक भाषेत लिहून चालवता यावा, अशी त्याची हौस होती. त्या हौसेपायी अॅपल टूला रंग, आवाज आणि खेळायची पॅडल्स मिळाली. पुढे प्रश्न आला स्लॉटचा, म्हणजे जादा कार्डे खोचायच्या खाचांचा. जॉब्जच्या मते दोन पुरे होते, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. वॉझ्नियाकला आठ हवे होते. दोनच हवे असतील तर दुसरे यंत्र शोधा, इथपर्यंत तो गेला. शेवटी आठ स्लॉट राहिले, आणि वरचे झाकण हाताने उचलले की निघत असे.

त्या आठ स्लॉटमध्ये लोकांनी काय काय खोचले! १९८० साली तर मायक्रोसॉफ्टनेच अॅपल टूसाठी एक कार्ड विकायला काढले. त्यावर दुसरा प्रोसेसर बसवलेला असल्यामुळे सीपी/एम या वेगळ्या प्रणालीवरचे प्रोग्रॅम अॅपलच्या यंत्रावर चालू लागले. पुढे हाडवैरी ठरलेल्या या दोन कंपन्या तेव्हा एकाच झाकणाखाली नांदत होत्या.

आयबीएमने हा धडा बरोबर उचलला. १२ ऑगस्ट १९८१ ला तिचा पीसी आला तो पाच स्लॉट घेऊन, आणि सोबत सर्किटचे नकाशे छापलेले तांत्रिक पुस्तकही विकत मिळत होते. अॅपलने त्याच महिन्यात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये पानभर जाहिरात देऊन आयबीएमचे ‘मनापासून’ स्वागत केले. त्या स्वागतात थट्टा होती. आयबीएमने चार्ली चॅप्लिनच्या भटक्याच्या वेशातला नट आपल्या जाहिरातींत आणला आणि यंत्र कसे साध्या माणसाचे आहे ते दाखवले. जाहिराती दोन्हीकडच्या चांगल्या होत्या, पण निकाल लावला त्या पाच स्लॉटनी आणि त्या पुस्तकाने. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तसेच चालणारे यंत्र बनवले. नक्कल अस्सलसारखी चालते का, हे लोक कसे तपासत? लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम आणि ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमान उडवायचा खेळ लावून पाहत. खेळ यंत्राचा कोपरा न् कोपरा राबवतो, त्यामुळे खोट लगेच उघडी पडे.

मग १९८४ आले. २२ जानेवारीला, सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, रिडली स्कॉटने दिग्दर्शित केलेली एक मिनिटाची जाहिरात लागली. राखाडी कपड्यांतल्या माणसांच्या रांगा, पडद्यावर बोलणारा हुकूमशहा, आणि धावत येऊन हातोडा भिरकावणारी तरुणी. दोन दिवसांनी येणाऱ्या मॅकिंटॉशची ही वर्दी होती, आणि हुकूमशहा म्हणजे आयबीएम हे सगळ्यांना कळत होते. संगणक लोकांच्या हाती, हा तिचा संदेश.

पण २,४९५ डॉलरला विकल्या गेलेल्या त्या मॅकमध्ये एकही स्लॉट नव्हता. मेमरी १२८ किलोबाइट, आणि ती वाढवायची सोय नाही. डबा ज्या स्क्रूंनी बंद केला होता ते साध्या पेचकसाने निघत नसत, लांब दांड्याचा खास टॉर्क्स पेचकस लागे. आतल्या बाजूला, बनवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या होत्या. विकत घेणाऱ्याने त्या पाहाव्यात अशी मात्र सोय नव्हती. स्वातंत्र्याची जाहिरात कुलूपबंद डब्यासाठी केलेली!

मॅकचा सर्किट बोर्ड बनवणाऱ्या बरेल स्मिथला हे खटकत होते. त्याने एक स्लॉट ‘तपासणीसाठीची जागा’ या नावाखाली घुसवून पाहिला, पण तो पकडला गेला. मग त्याने बोर्डावर जास्त क्षमतेच्या चिप बसतील एवढी सोय गुपचूप करून ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५१२ किलोबाइटचा मॅक येऊ शकला तो या चोरट्या शहाणपणामुळे. आणि जानेवारी १९८५ मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ने जुन्या मॅकच्या चिप घरीच काढून नव्या कशा बसवायच्या, हे छापूनच टाकले. जॉब्ज कंपनीबाहेर पडल्यावर १९८७ मध्ये मॅकिंटॉश टू आला. त्याला सहा स्लॉट होते.

खेळांच्या बाबतीत अॅपल तेव्हा अवघडलेलीच होती. मॅकला लोक खेळणे समजतील, कचेरीत घेणार नाहीत, ही तिची भीती. ‘अॅलिस’ नावाचा सुंदर खेळ तिच्याच माणसाने लिहिला, कंपनीने विकलाही, पण त्याचा गाजावाजा केला नाही.

खेळाला दुय्यम समजण्यात चूक कुठे होते, ते मला फार उशिरा कळले. पत्र टाइप करायला दहा वर्षांपूर्वीचे यंत्र आजही पुरते. खेळाला पुरत नाही. पडद्यावरचे चित्र सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढायचे असते आणि दर वर्षी ते चित्र अधिक बारकाईचे होत जाते. त्यामुळे यंत्र जुने झाल्याची बातमी आधी खेळणाऱ्या पोराला लागते, मग वडिलांना. ‘डूम’ १९९३ च्या डिसेंबरात आला तो पीसीवर. (तो लिहिला गेला नेक्स्टच्या यंत्रांवर, आणि नेक्स्ट ही जॉब्जचीच दुसरी कंपनी.) १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे ‘वूडू’ कार्ड आले. डबा उघडा, रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड बसवा, जुन्या पीसीला नवे डोळे. मॅकच्या महागड्या टॉवरना स्लॉट होते, पण खेळ लिहिणारे गर्दीकडे गेले, आणि गर्दी पीसीकडे होती.

एकदा हे चित्र पालटेल असे वाटले होते. जुलै १९९९ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये जॉब्जने स्वतः मंचावरून बंजी कंपनीचा ‘हेलो’ लोकांपुढे आणला. वर्षभरात, जून २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि २००१ च्या नोव्हेंबरात ‘हेलो’ आला तो एक्सबॉक्सवर. मॅकवाल्यांना तो २००३ च्या अखेरीस मिळाला.

मॅक आणि पीसीच्या त्या जाहिराती २००६ ते २००९ चालल्या. ६६ झाल्या. मायक्रोसॉफ्ट बराच काळ गप्प होती. २००९ मध्ये तिने लॉरेन नावाची तरुणी दाखवली. हजार डॉलरच्या आत १७ इंची लॅपटॉप शोधताना ती अॅपलच्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडते आणि शेवटी ६९९ डॉलरचा एचपी घेते. हा घाव वर्मी बसला असावा. मायक्रोसॉफ्टच्या एका बड्या अधिकाऱ्याने पुढे जाहीरपणे सांगितले, की ती जाहिरात थांबवा म्हणून अॅपलच्या वकिलांचा फोन आला होता.

मग २०१२ आले. जूनमध्ये आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोची मेमरी बोर्डावर डाखलेली होती आणि बॅटरी चिकटवलेली. पाहता पाहता इतर कंपन्यांचे कितीतरी लॅपटॉप तसेच झाले. आमच्या शाळेच्या लॅबमधल्या जुन्या पीसींना मेमरीची एकेक पट्टी घालून आम्ही आणखी तीन वर्षे चालवले होते. नंतर देणगीत मिळालेला लॅपटॉप मंद झाला तेव्हा दुरुस्तीवाल्याने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “सर, यात काही घालता येत नाही.” मेमरी चिपजवळ पक्की बसवली की यंत्र पातळ होते, वीज वाचते, वेगही मिळू शकतो, हे खरे आहे. पण किती मेमरी लागेल हे खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागते आणि शाळेच्या खात्यात त्या दिवशी जेवढे पैसे असतात तेवढीच मेमरी येते.

व्यावसायिकांसाठीचा २०१३ चा मॅक प्रो नळकांड्यासारखा होता, आत नेहमीचे कार्ड बसायला जागाच नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये अॅपलच्या अधिकाऱ्यांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून ती रचना फसल्याचे कबूल केले. २०१९ मध्ये नवा मॅक प्रो आला, किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे. स्लॉट किती? आठ.

मार्च २०२१ मध्ये इंटेलने जाहिराती काढल्या. त्यांत मॅकची खिल्ली उडवणारा, त्यावर खेळ चालत नाहीत म्हणून चिडवणारा माणूस होता जस्टिन लाँग, म्हणजे २००७ च्या जाहिरातीतला जीन्सवाला मॅक. त्याच्यासमोर झगा घालून उभा असलेला पीसी, जॉन हॉजमन, त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलच्याच कार्यक्रमात शेवटी येऊन गेला होता.

जून २०२३ मध्ये मॅक प्रो पुन्हा बदलला. डबा तोच उघडणारा. स्लॉट आहेत, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड बसवले तर चालत नाही आणि मेमरी घेतली तेवढीच.