दुसरे इंजिन : कराडच्या धावपट्टीच्या संदर्भात

इ. स. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. मधल्या काळात, १९५५ मध्ये, कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने कराड येथे धावपट्टी तयार झाली. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, अमेरिकेत पायपर अपाची व सेस्ना ३१० ही दोन इंजिनांची हलकी विमाने विक्रीस आली होती. एक इंजिन बंद पडले तरी दुसरे आहेच, हा विश्वास अशा विमानांच्या मागे असे. तो कृष्णाकाठच्या उंच व उष्ण पठारावर कितपत टिकतो, हे पाहण्यासारखे आहे.

एक इंजिन बंद पडले म्हणजे शक्ती निम्मी होते. चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून पुष्कळच अधिक घटते, कारण सरळ उड्डाणास लागणारी शक्ती वजा जाता जे उरते त्यावरच चढण अवलंबून असते. शिवाय चालू इंजिन विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूस वळवू लागते. वैमानिक सुकाणू विरुद्ध बाजूस दाबून ते सावरतो. परंतु सुकाणूचा जोर वेगावर अवलंबून असल्यामुळे ठराविक किमान वेगाखाली तो अपुरा पडतो आणि विमान चालू इंजिनाच्याच शक्तीने कलंडते. दुसऱ्या इंजिनाने दिलेला हा नवा धोका होय. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटिश वायुदलाच्या मीटिअर विमानांवर एक इंजिन मुद्दाम बंद करून शिक्षण दिले जाई. त्या सरावातच अनेक वैमानिक दगावले.

बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर विमानास मागे खेचतो. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्डच्या पंख्यात त्याची पाती वाऱ्याच्या दिशेस वळविण्याची सोय आली. या क्रियेचे ‘फेदरिंग’ हे नाव नावाड्यांकडून आलेले आहे : वल्हे पाण्याबाहेर मागे नेताना त्याचे पाते आडवे करतात, म्हणजे वारा अडत नाही. मराठीत ‘पाते आडवे करणे’ असे म्हटल्यास विमानाच्या बाबतीत अर्थ उलटेल. ‘पात्याची धार वाऱ्याकडे करणे’ हेच यथार्थ.

कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंशांवर गेले, की तेथील हवा प्रमाणित वातावरणातील सुमारे १,६०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पायपर सेमिनोलची, पूर्ण भार असता, एका इंजिनावरील उपयुक्त कमाल उंची ३,८०० फूट, म्हणजे सुमारे १,१६० मीटर आहे. अर्थात अशा दुपारी असे भारलेले विमान धावपट्टीवर उभे असतानाच त्या मर्यादेच्या वर असते! महाबळेश्वरचे पठार तर तेराशे मीटरांहून उंच आहे. आणखी एक सूक्ष्म भेद असा की, विरळ हवेत साध्या इंजिनाची ओढ कमी झाल्याने नियंत्रणाचा किमान वेग खाली येतो, पण पंखांचा आधार सुटण्याचा दर्शित वेग तसाच राहतो. परिणामी नाक वळण्याची सूचना मिळण्यापूर्वीच आधार सुटू शकतो.

२८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपर येथे किंग एअर सी-९० हे द्वि-इंजिनी विमान चाचणी-उड्डाणात कोसळले. विमानातील चौघे व जमिनीवरील एक जण मृत्यू पावले. चौकशीत पंखांचा आधार सुटणे हे कारण ठरले. त्यामागे बिघडलेल्या हवेने झालेला दिशाभ्रम आणि दोन इंजिनांच्या शक्तीतील तफावतीने आलेला अनपेक्षित कल ही कारणे सांगितली गेली. तेथे इंजिन पूर्णपणे बंद पडलेले नसूनही असमतोल उद्भवला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वैमानिकांच्या शिक्षणात म्हणूनच निर्णय उड्डाणापूर्वी घेण्यावर भर असतो. चाके आत घेण्यापूर्वी इंजिन गेले, तर दुसरेही बंद करून समोर उरलेल्या धावपट्टीवर, ती संपली असल्यास पुढच्या सपाट जागी, उतरावे. विमान वर गेल्यानंतर ते घडल्यास प्रथम नाक किंचित खाली करून वेग राखावा, विमान चालू इंजिनाकडे थोडे कलते ठेवावे, बंद इंजिन कोणते याची खात्री करूनच त्याच्या पात्याची धार वाऱ्याकडे करावी. घाईत चालू इंजिनच बंद केल्याची उदाहरणे इतिहासात आहेत.