रेषा आणि छाया : वास्तुरेखाटनाच्या यंत्राचा इतिहास व लॅपटॉपची निवड

वास्तुकलेच्या अभ्यासकाने कोणता लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः विक्रेत्याच्या दरपत्रकावरून सोडविला जातो. ज्याच्या नावापुढील आकडा मोठा, तो अधिक सामर्थ्यवान, असा समज त्यामागे असतो. परंतु ‘सामर्थ्यवान’ हे विशेषण सापेक्ष आहे. कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याविना त्यास अर्थ प्राप्त होत नाही. वास्तुरेखाटनात तर मुळातच दोन भिन्न स्वरूपांचे श्रम एकत्र आलेले आहेत. ते कसे आले, हे प्रथम पाहिले म्हणजे निवडीचा प्रश्न बराचसा सुकर होतो.

‘रेंडरिंग’ हा शब्द संगणकाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथील एकोल दे बोझार या कलाशाळेत आराखड्याच्या पूर्ण केलेल्या, छायांकित चित्रास ‘रांद्यू’ म्हणत. प्रथम रेषांनी आराखडा सिद्ध होई. नंतर पातळ शाईचे हात एकावर एक देऊन छायाप्रकाश दाखविला जाई. मुदत संपली की चित्रे गोळा करण्यास हातगाडी येई. तिचे नाव ‘शारेत’. पुढे अखेरच्या घटकेच्या धावपळीलाच हे नाव पडले. या मुदतीपूर्वी ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मदतीला कनिष्ठ विद्यार्थी येत, ही तेथील रूढी होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आराखड्याची कल्पना एकाच्याच डोक्यातून निघावी लागते. तिच्यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. छाया भरण्याचे काम मात्र अनेक हातांना वाटून देता येते. रेषेचे श्रम एकामागून एक होणारे, तर छायेचे श्रम एकाच वेळी होऊ शकणारे, हा भेद यंत्रयुगातही टिकून राहिला.

संगणकावरील रेषेचा इतिहास १९६३ पासून मांडता येतो. त्या वर्षी आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ ही प्रणाली वर्णिली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या यंत्राच्या पडद्यावर लाइट पेनने रेषा काढता येत, आणि दोन रेषा समांतर वा परस्परांस लंब असाव्यात, अशी अट यंत्रास घालता येई. मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रतिकृती आपोआप बदलत. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि संगणकावरील रेखाटन लहान कार्यालयांच्या आवाक्यात येऊ लागले. २००० मध्ये आलेल्या रेव्हिटमध्ये भिंत ही केवळ दोन रेषांची जोडी उरली नाही. ती खिडक्या-दारांशी संबंध राखणारी वस्तू झाली. येथे सदरलँड यांच्या अटींचीच परंपरा दिसते. एक भिंत सरकविली असता तिच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी क्रमाने नव्याने मोजाव्या लागतात. म्हणूनच अशा कामात प्रोसेसरच्या कोअरची संख्या अफाट असून भागत नाही; एकेका कोअरची गती महत्त्वाची ठरते.

छायेचा प्रवाह निराळ्या वाटेने आला. १९६८ मध्ये आयबीएममधील आर्थर अपेल यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून किरण सोडून छाया ठरविण्याची रीत मांडली. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी तीच रीत प्रतिबिंब व वक्रीभवन यांपर्यंत नेली. काही गोलांचे एक छोटे चित्र सिद्ध करण्यास व्हॅक्स-११/७८० या यंत्रास ७४ मिनिटे लागली. यातील बहुतांश वेळ किरण कोणत्या पृष्ठास छेदतो, हे मोजण्यात गेला. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डोनाल्ड ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णताप्रारणाच्या शास्त्रातील गणित भिंतीवरून भिंतीवर पसरणाऱ्या मंद प्रकाशास लावले. किरण सोडण्याच्या रीतींत एका बिंदूचे गणित बहुधा शेजारच्या बिंदूवाचून चालते. त्यामुळे ते हजारो लहान गणकांना वाटता येते. २००७ पासून ग्राफिक्स कार्डाचा असा सर्वसाधारण गणितासाठी उपयोग सुलभ झाला, आणि २०१८ मध्ये किरणांच्या छेदाचे गणित करणारा स्वतंत्र भागच कार्डात आला. जणू त्या कनिष्ठ विद्यार्थ्यांची संपूर्ण फौज एका चकतीत येऊन बसली.

लॅपटॉपचा उगम याहून अलग हेतूने झाला. १९८२ चा ग्रिड कंपास हा सुमारे ५ किलो वजनाचा व ८,१५० डॉलर किमतीचा संगणक प्रवासी अधिकाऱ्यांसाठी होता. आज रेषा व छाया हे दोन्ही श्रम अशा घडीच्या यंत्राकडून अपेक्षिले जातात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना तेथे विजेचा एकच पुरवठा आणि उष्णता बाहेर टाकण्याची एकच अरुंद वाट वाटून घ्यावी लागते. खरी अडचण येथे आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या ठिकाणी एक परिचित प्रकार आढळेल, तो म्हणजे नाम एक आणि अर्थ दोन. ‘आरटीएक्स ४०७०’ हे नाव मेजावरील संगणकात ५,८८८ गणकांच्या, १२ जीबी स्मृतीच्या कार्डाचे आहे. लॅपटॉपमध्ये तेच नाव ४,६०८ गणक व ८ जीबी स्मृती दर्शविते. इतकेच नव्हे, तर लॅपटॉपनिर्माता त्यास ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. सारख्याच नावाचे दोन लॅपटॉप कामात बरेच भिन्न निघतात, ते यामुळे. नावावर विसंबून घरची पुंजी खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते, ती याच ठिकाणी.

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. ज्याचे काम प्रामुख्याने ऑटोकॅड व रेव्हिट यांत आहे, त्याने एकेका कोअरची गती पाहावी आणि ३२ जीबी रॅम घ्यावी. महागडे ग्राफिक्स कार्ड त्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. रेव्हिट विंडोज प्रणालीसाठीच लिहिलेले आहे, हेही विसरू नये. ल्युमियन किंवा एन्स्केप यांसारख्या साधनांवर ज्याचा भर आहे, त्याने कार्डाची स्मृती प्रथम विचारावी, कारण संपूर्ण दृश्य तीत मावले नाही तर गणकांची संख्या व्यर्थ ठरते. त्यानंतर कार्डास मिळणारे वॉट विचारावेत. बॅटरीवर चालताना हे सामर्थ्य पूर्णपणे मिळत नाही, हेही गृहीत धरावे.

ज्यास वर्षातून दोनतीनदाच मोठी चित्रे काढावयाची आहेत, त्याने ते काम महाविद्यालयातील मेजावरच्या संगणकाकडे सोपवावे आणि स्वतःसाठी हलके, रेषेस पुरेसे यंत्र घ्यावे. छायेचे काम दुसऱ्या हातांना देण्याची प्रथा या विद्येत नवी नाही. जे दुसऱ्यास देता येत नाही, त्या आराखड्याच्या कामात आपले यंत्र अडखळणार नाही, एवढी खात्री मात्र खरेदीपूर्वी अवश्य करून घ्यावी.