बोस्टनचे कारागीर आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातला एकच देखावा आठवतो : रेड इंडियनांचे सोंग घेतलेली माणसे बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकीत आहेत. त्यावरून समजूत अशी झाली आहे की चहावर कर बसला, लोक चिडले आणि युद्ध पेटले. आम्ही कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतून सुटल्यावर वाचनालयात बसून. पण इतकी वर्षे कामगारांत काढल्यामुळे एक गोष्ट आम्हांला पक्की ठाऊक आहे. नुसता चिडलेला माणूस दोन दिवस ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर जातो. बोस्टनचा माणूस दहा वर्षे टिकून राहिला. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

मूळ दुखणे इंग्लंडच्या तिजोरीत होते. 1763 साली फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपले. कॅनडा मिळाला, पण सरकारी कर्ज तेरा कोटी पौंडांच्या घरात गेले. हे युद्ध वसाहतींच्याही रक्षणासाठी झाले, तेव्हा त्यांनीही भार उचलावा, असा लंडनचा हिशेब. 1764 मध्ये साखर व काकवीच्या जकातीचा कायदा आला, 1765 मध्ये मुद्रांकाचा. वर्तमानपत्र, खरेदीखत, एवढेच काय खेळायच्या पत्त्यांवरही सरकारी छाप हवा! ज्या पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही तिला आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार नाही, असा युक्तिवाद वकिलांनी केला. युक्तिवाद बिनतोड होता. पण मुद्रांकाचा कायदा नुसत्या युक्तिवादाने मागे गेला नाही. 14 ऑगस्ट 1765 रोजी बोस्टनच्या रस्त्यावर जो जमाव उतरला त्याचा पुढारी एबेनेझर मॅकिंटॉश हा जोडे शिवणारा कारागीर होता. मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने लगेच जागा सोडली. इतर वसाहतींतही तेच घडत गेले. विकणाराच नाही म्हटल्यावर कायदा चालणार कसा? व्यापाऱ्यांनी विलायती माल मागविणे थांबविले, तिकडचे व्यापारी कळवळले आणि 1766 मध्ये कायदा रद्द झाला.

पुढे 1767 मध्ये काच, कागद, शिसे, रंग आणि चहा ह्यांवर जकात बसली. पुन्हा बहिष्कार. बायकांनी चरखे बाहेर काढले, घरच्या सुताचे कपडे घालणे प्रतिष्ठेचे ठरले. 1905 नंतरच्या आपल्या स्वदेशीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. उत्तरादाखल 1768 च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये फौज उतरली.

येथे एका प्रसंगाशी आम्ही जरा थांबणार आहोत, कारण पुष्कळ पुस्तके तो एका ओळीत उरकतात. शिपायांचा पगार तुटपुंजा. पहारा नसेल तेव्हा ते गावात फिरून मिळेल ते काम करीत, आणि गावच्या मजुरापेक्षा कमी दराने करीत. ज्याने गिरणीच्या दरवाजावर बदली कामगारांची रांग पाहिली आहे त्याला ह्याचा अर्थ सांगावयास नको. 2 मार्च 1770 रोजी जॉन ग्रे ह्याच्या दोर वळण्याच्या कारखान्यात एक शिपाई आला. काम हवे का, असे एका दोर वळणाऱ्याने विचारले. हवे म्हणताच, मग आमचा संडास साफ कर, असे उत्तर मिळाले. मारामारी जुंपली, शिपाई साथीदार घेऊन आला, कामगारही धावले. तीन दिवसांनी, 5 मार्चच्या रात्री, जकातघरासमोर जमावावर गोळ्या सुटल्या आणि पाच माणसे मेली. त्यांपैकी सॅम्युएल ग्रे हा त्याच कारखान्यातला होता. दुसरा, क्रिस्पस ॲटक्स, खलाशी. मिश्र रक्ताचा, बहुधा पळून आलेला गुलाम. राज्यकर्त्यांची जुलूमशाही असे ज्याला म्हणतात ती ह्या लोकांना मजुरीच्या दरात दिसली होती.

आता चहाकडे वळू. तो चहा आपल्याकडचा नव्हे, चीनचा. पण कंपनी मात्र आपल्या ओळखीची! 1770 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली, तरी ईस्ट इंडिया कंपनीची वसुली थांबली नाही. इतके ओरपूनही 1772 मध्ये ती दिवाळखोरीच्या दारात उभी होती, आणि वखारींत 1 कोटी 70 लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. तिला तारण्यासाठी 1773 चा कायदा झाला : कंपनीने परस्पर अमेरिकेत चहा विकावा. ह्यामुळे चहा स्वस्त झाला, महाग नव्हे. पण पौंडामागे तीन पेन्सची जकात तशीच राहिली आणि स्थानिक दुकानदार बुडणार हे उघड झाले. स्वस्ताईच्या पुडीत बांधलेली गुलामगिरी लोकांनी ओळखली, ह्याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री 342 पेट्या पाण्यात गेल्या.

शिक्षा म्हणून 1 जून 1774 पासून बंदर बंद झाले. गोदीवरचे सारे हात रिकामे. पण तोवर गावोगाव पत्रव्यवहाराच्या समित्या झाल्या होत्या. दुसऱ्या वसाहतींनी बोस्टनला धान्य आणि मेंढरे पाठविली. सप्टेंबरात फिलाडेल्फियास बारा वसाहतींची काँग्रेस भरली. त्याच सुमारास जनरल गेज फौजेसाठी बराकी बांधू लागला, तेव्हा बोस्टनच्या सुतारांनी हत्यारे खाली ठेवली. काम नसताना, घरात चूल थंड असताना! न्यूयॉर्कच्या सुतारांनीही नकार दिला. गेजला हॅलिफॅक्सहून माणसे मागवावी लागली.

19 एप्रिल 1775 रोजी गेजचे सुमारे 700 शिपाई काँकॉर्डचा दारूगोळा जप्त करण्यास निघाले. पॉल रिव्हिअर ह्या चांदीकारागिराने व इतरांनी रात्रीच बातमी पोचविली होती. लेक्सिंग्टनच्या मैदानावर सत्तरएक गावकरी उभे होते. पहिली गोळी कोणाची, हे आजतागायत ठरलेले नाही. आठ गावकरी मेले. काँकॉर्डच्या पुलावर मात्र शिपायांना मागे हटावे लागले, आणि परतीच्या वाटेवर दगडी कुंपणांआडून, झाडांआडून गोळ्यांचा पाऊस पडला. संध्याकाळपर्यंत 73 शिपाई ठार, 170 च्या वर जखमी. थोड्याच दिवसांत बोस्टनला हजारोंचा वेढा पडला.

17 जूनची लढाई बंकर हिलची म्हणतात; ती झाली शेजारच्या ब्रीड टेकडीवर. आदल्या रात्री शेतकऱ्यांनी कुदळी-फावड्यांनी तट उभारला. इंग्रजांचे दोन हल्ले परतले, तिसऱ्याला दारू संपली आणि टेकडी गेली. पण इंग्रजांचे हजारांवर लोक पडले होते, त्यांतले 226 ठार. असे विजय फौजेला परवडत नाहीत.

एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. लेक्सिंग्टनच्या जखमींत प्रिन्स ईस्टब्रुक नावाचा गुलाम होता. ब्रीड टेकडीवर सेलम पूअर ह्या कृष्णवर्णीयाने शौर्य गाजविले. तरी नोव्हेंबर 1775 मध्ये कृष्णवर्णीयांना सैन्यात घेऊ नये असा हुकूम वॉशिंग्टनच्या छावणीतून निघाला. मोर्चात चालतो, कमिटीत चालत नाही, अशातला हा न्याय! त्याच महिन्यात व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नराने, बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडे येऊन लढतील ते मुक्त, असे जाहीर केले. तेव्हा डिसेंबरअखेर हुकूम सैल झाला, तोही फक्त आधी लढलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांपुरता.

त्या हिवाळ्यात हेन्री नॉक्स ह्या पुस्तकविक्याने टिकाँडरोगाच्या किल्ल्यावरील तोफा घसरगाड्यांवरून, बर्फातून, बोस्टनला आणल्या. मार्च 1776 मध्ये त्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या, आणि 17 मार्चला इंग्रज फौज गलबतांत बसली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फियास जुलैमध्ये झाला आणि जग तेथूनच आरंभ मोजते. बोस्टन तोवर साडेतीन महिने मोकळे होते.