कालवण कशात कालवायचं?

यवत मागे टाकून पुणे–सोलापूर रस्त्याने चौफुल्याकडे निघालं की दोन्ही अंगांना मटणाच्या खानावळी लागतात. दुपारी दीडच्या सुमाराला त्यांपैकी कुठल्याही एका खानावळीत बसावं. ताट ठरलेलं असतं: सुकं मटण, वाटीत रस्सा, दुसऱ्या वाटीत अळणी, कांदा, लिंबाची फोड आणि बाजरीच्या दोन भाकरी. हल्ली मात्र चार टेबलांमागे एक गिऱ्हाईक असं निघतं की जे ताट यायच्या आधीच हात वर करून सांगतं, "भाकरी नको, भातपण नको. सुकं डबल द्या आणि वर दोन उकडलेली अंडी." जुना वाढपी असेल तर तो क्षणभर थबकतो. "मग खानार कशासंगं?" हा त्याचा प्रश्न खवचट नसतो. त्याला खरंच कळत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न सोडवून बरीच वर्षं झाली. १९९३ साली डेन्व्हर शहरात सुरू झालेल्या 'चिपोटले' या मेक्सिकन धर्तीच्या खाद्यगृहाचा मूळ धंदा बरिटोचा. मैद्याची मोठी पातळ पोळी, म्हणजे तोर्तिया, आणि तिच्या पोटात भात, घेवडा, मांस, साल्सा. २००३ मध्ये त्यांनी पोळी काढून टाकली आणि आतला ऐवज तेवढा वाडग्यात घालून द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१९ मध्ये तर भात आणि घेवडाही वगळलेला, खास कीटो आहारवाल्यांसाठीचा वाडगा त्यांच्या यादीत आला. ज्याच्या आधाराने बाकी सगळं खायचं तेच काढून टाकलं, आणि कोणी काही म्हटलं नाही.

इकडे पुणे जिल्ह्याच्या शिरूर-दौंड पट्ट्यात हे इतकं सहज होत नाही, कारण इथली अडचण भाषेपासूनच सुरू होते. रश्शाला इथे कालवण म्हणतात, म्हणजे भाकरी ज्यात कालवायची ते. पातळ भाजीला किंवा आमटीला कोरड्यास म्हणतात, म्हणजे कोरड्या भाकरीसोबत घ्यायचं ते. चटणी, ठेचा, लोणचं हे सगळं तोंडी लावणं. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं नाव भाकरीशी असलेल्या नात्यावरून पडलेलं आहे, जसं धाकट्या जावेचं नाव थोरलीवरून सांगावं तसं. भाकरी उचलली की मागे उरतं त्याला 'जेवण' म्हणायला या बोलीत शब्दच नाही.

गंमत अशी की तोंडी लावणं बरंचसं मेक्सिको आणि त्याच्या शेजारपाजारातूनच आलेलं आहे. मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात किनाऱ्याला लागली आणि घाट चढून देशावर आली. त्याआधी तिखटाचं काम मिरीवर भागत होतं. टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, मका, पेरू, पपई, सीताफळ ही सगळी अमेरिका खंडांची लेकरं. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, बाजारात शनिवारी हिरव्या मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या बाईला सांगितलं की हे पीक इथलं नाही, तर ती आधी मिरचीकडे आणि मग सांगणाऱ्याकडे बघेल.

उपासाचं ताट तर याहून पुढचं. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची तिकडचीच. आणि राजगिरा? अझ्टेक लोकांचं ते महत्त्वाचं धान्य. त्याच्या पिठात गोड मिसळून ते देवांच्या मूर्ती घडवत, म्हणून स्पॅनिश मिशनऱ्यांचा त्यावर डोळा होता. आज तोच राजगिरा गुळात घट्ट होऊन एकादशीला लाडू म्हणून विठ्ठलाच्या नावाने खाल्ला जातो. भगरीसारखा एखादा अपवाद सोडला तर इथलं उपासाचं ताट जवळपास अख्खं अमेरिकन आहे, आणि पिठूळपणात ते रोजच्या जेवणालाही मागे टाकतं. धान्य सोडण्याचा दिवस आणि पोटात जातो निव्वळ स्टार्च. कीटोवाल्यांनी एकादशी धरली तर त्यांची पंचाईत व्हायची.

भाकरी मात्र अमेरिकेतून आली नाही. शिरूरच्या हलक्या, मुरमाड रानात बाजरी, दौंडकडे भीमाकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, अशी ढोबळ वाटणी फार जुनी. दोन्ही पिठांत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे लाटणं चालत नाही. काठवटीत पीठ घ्यायचं, कढत पाणी घालायचं, तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं, गोळा पिठावर ठेवून बोटांनी थापत गोल फिरवायचा, तव्यावर टाकला की वरून पाण्याचा हात, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी, आरावर, पापुद्रा फुगेपर्यंत. मेक्सिकोतली बाई मक्याची तोर्तिया अशीच हातावर थापायची, कारण मक्यातही तो चिकटपणा नाही. फरक एकच, पण मोठा: ती मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवते. त्या चुन्याने मक्यातलं अडकलेलं नियासिन मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि इटलीत पेलाग्रा हा नियासिनच्या अभावाचा रोग पसरला. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हा रोग दिसे. १९६०च्या सुमारास हैदराबादमध्ये सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला. भाकरीला कोरड्यास लागतं ते केवळ चवीसाठी नाही.

या मुलखात धान्याची इभ्रत किती होती हे बघायचं तर शिरूरला इंग्रजी कबरस्तानात जावं. वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज घोडनदीकाठी येऊन राहिली. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं, आणि १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवून ठेवलं आहे की सुगीला आसपासच्या गावांतले शेतकरी नव्या धान्याचा पहिला घास त्याच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून वाहतात. जन्मभर मांस आणि पाव खाल्लेल्या साहेबाला मेल्यावर बाजरी जेवावी लागली.

नैवेद्याला धान्य कधी असायचं, कधी नसायचं. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. तेव्हा दौंडला धोंड म्हणत आणि तिथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग घालण्याचं काम चालू होतं. १८७८ मध्ये तो सुरू झाला. दुष्काळी कामांवर मजुराला जगायला किती धान्य पुरेल याचा हिशेब त्या वेळी इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. दिवसाला एक पाउंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडे पैसे. एवढ्या पिठाच्या फार तर सहा-सात भाकरी होतात, आणि काम खडी फोडण्याचं. लोकांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला अर्जांमागून अर्ज केले. आज मोबाइलवर वाटीभर भातात किती कर्बोदकं आहेत ते मोजलं जातं. या भागात घासांचं वजन पहिल्यांदा केलं ते अशा तराजूत.

पुढचा मोठा दुष्काळ १८९६ चा. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली होती. तिथे दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा राहू लागल्या, आणि १९०० च्या सुमाराला त्यांच्या 'मुक्ती' आश्रमात रोज जेवणाऱ्या तोंडांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, मळा लावला, पंगती उठवल्या. त्या पंगतीत कोणी "भाकरी नको" म्हटलं असेल, अशी कल्पनाही करवत नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून दोन्ही तालुक्यांत भेटतात. पाझर तलावांची कामं, खडी, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मिलोची भाकरी थापली की तव्यावर नेईपर्यंत तुटायची, असं त्या वेळच्या बायका सांगतात. त्याच १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. पाव, बटाटा, साखर सोडा. मांस, अंडी, लोणी खा, हा त्याचा मंत्र. ज्या देशातून मिलोची जहाजं निघत होती, त्याच देशात धान्य सोडण्याची लाट उठत होती.

मग पाणी आलं. खडकवासल्याचा कालवा दौंडमधून इंदापूरकडे गेला, शिरूरला चासकमान आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी मिळालं, आणि जिथे बाजरी उभी राहायची तिथे ऊस उभा राहिला. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी कारखाने झाले. केडगाव, राहू, यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी हिवाळाभर धुमसत असतात. संध्याकाळी त्या रस्त्याने गेलं तर काकवीचा वास कपड्यांना चिकटतो. बाजरी खाणाऱ्यांच्या मुलखाने साखर पिकवायला घेतली आणि तिच्या पैशातून गहू विकत आणला. पूर्वी पोळी सणाची. पुढे पाहुण्याला पोळी आणि घरच्यांना भाकरी. त्याच्याही पुढे रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभला कारखाने आले, डबे आले, आणि डब्यात भाकरी दुपारपर्यंत कडक होते म्हणून तिथे चपाती बसली.

शरीर मात्र जुन्या हिशेबाचंच राहिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला उभं केलं. त्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडातली साडेतीन किलोची. पण किडकिडीत दिसणाऱ्या इथल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सडपातळ शेतकऱ्याला मधुमेहाची गोळी का लागते, याचं निम्मं उत्तर त्या फोटोत आहे.

उरलेलं निम्मं लोकांनी आपापल्या परीने शोधलं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या भाषणांतून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला दोन वेळा जेवायचा मंत्र २०१८ च्या आसपास चावडीपासून एसटी स्टँडपर्यंत पोचला. पंचावन्न मिनिटांत जेवण उरकायचं, मधे काही नाही, गोड टाळायचं. त्यावर वाद झाले, होत आहेत. पण एक झालं: ताटातली भाकरी मोजायची असते, हा विचार पहिल्यांदाच पोटभर खाणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला.

आणि मोजायला गेलं की घोटाळे दिसतात. बाजरी आरोग्याची म्हणून तिच्या नावाने २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं. पण शंभर ग्रॅम बाजरीत साडेसदुसष्ट ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत बहात्तरच्या वर, तांदळात अठ्ठ्याहत्तर. फरक आहे, पण माणसं समजतात तेवढा नाही. बाजरीचा खरा गुण तिच्या कोंड्यात, लोहात आणि दोन भाकरींत पोट भरण्यात आहे. गंमत म्हणजे धान्याला फाटा देऊन पोट भरायचा एक उत्तम मार्ग शिरूर-जुन्नर पट्ट्यात आधीपासून आहे, तो म्हणजे मासवडी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर पसरायची, फडक्यानेच गुंडाळी करायची आणि मासोळीच्या आकाराच्या वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा. डाळीच्या पिठात कर्बोदकं आहेतच, साठेक टक्के. पण प्रथिनंही वीस टक्क्यांच्या वर आहेत आणि सारणात बहुतेक तेलबिया. एखाद्या आहारतज्ज्ञाने बनवून विकावा असा हा पदार्थ. आणि तो वाढला कशाबरोबर जातो? भाकरीबरोबर.

शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून गाड्या येतात. शेकोटीत कोवळी ज्वारीची कणसं भाजून तळहातावर चोळलेला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. आठवडाभर पीठ सोडलेली माणसं तिथे मूठ-मूठ करत पाव-पाव किलो हुरडा संपवतात आणि हे धान्य आहे हे कोणी काढत नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जात असतात, वरपर्यंत हिरव्या मक्याने भरलेल्या. तो मका माणसांसाठी नसतो. कुट्टी करून, खड्ड्यात दाबून, त्याचा मुरघास होतो आणि संकरित गाईंपुढे पडतो. मेक्सिकोचं अन्न गाय खाते, गाईचं दूध डेअरीला जातं, आणि त्याचं पनीर होऊन रस्त्यावरच्या खानावळीत "भाकरी नको" म्हणणाऱ्या शाकाहारी गिऱ्हाइकाच्या ताटात पडतं. नवा वाढपी आता थबकत नाही. बिलातून मात्र भाकरीचे पैसे तो वजा करत नाही. थाळी म्हणजे थाळी. म्हणून बरीचशी गिऱ्हाइकं त्या दोन भाकरी कागदात बांधून घेतात. घरी कोणीतरी म्हातारं माणूस असतंच, ज्याचं भाकरीवाचून जेवण होत नाही.