लाहोर वटहुकूम, १९३०: ओळीगणिक भाष्य

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात सहायक पोलीस अधीक्षक साँडर्स यांचा खून झाला. नेम होता लजपतरायांवरील लाठीहल्ल्याबद्दल जबाबदार धरलेल्या स्कॉट यांच्यावर. मारेकऱ्यांमागे धावलेले हेड कॉन्स्टेबल चननसिंगही गोळीला बळी पडले. १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी भगतसिंग आणि इतर आरोपींवरील या खुनाच्या खटल्यासाठी वटहुकूम काढला. त्यातील मुख्य तरतुदींचा आशय व त्यावरील भाष्य असे :

‘आणीबाणी उद्भवली आहे.’
खून होऊन सोळा महिने लोटले होते; जुलै १९२९ पासून मॅजिस्ट्रेटपुढे काम चालू होते. मग आणीबाणी कसली? आरोपींच्या उपोषणांनी लांबलेल्या कामकाजाची. ती आहे की नाही, हे ठरवणारे व्हाइसरॉय एकटेच.

‘हायकोर्टाचे तीन न्यायाधीश खटला चालवतील.’
मॅजिस्ट्रेटपुढील चौकशी अर्ध्यावर तुटली. १२ मे रोजी पोलिसांनी आरोपींना भर कोर्टात मारहाण केली. तिघांपैकी न्या. आगा हैदर यांनी आरोपींना कोर्टातून हटवण्याच्या हुकमाशी आपला संबंध नसल्याचे नोंदवले. जूनमध्ये या तिघांच्या न्यायाधिकरणाची फेररचना झाली. तीत ते नव्हते.

‘आरोपी गैरहजर असला तरी काम चालेल.’
वटहुकुमाचे मर्म इथे आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये याच आशयाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले, तेव्हा जिनांनी त्यावर कडाडून टीका केली आणि ते मंजूर झाले नाही. विधिमंडळाने जे दिले नाही, ते सरकारने वटहुकुमाने घेतले. मारहाणीनंतर आरोपींनी बहिष्कार टाकला. जयगोपाल, हंसराज व्होरा यांच्यासारख्या माफीच्या साक्षीदारांचा भरवसा उलटतपासणीवाचून कसा ठरणार? पुरावा खोटा होता असे यावरून म्हणता येत नाही. तो पुरता पारखला गेला नाही, एवढे निश्चित.

‘निकाल अंतिम, अपील नाही.’
एरवी सत्र न्यायालयाच्या फाशीला हायकोर्टाची मंजुरी लागे. ती पायरीच काढली गेली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशी सुनावली गेली. सुखदेव गोळीबाराच्या जागी नव्हते. त्यांच्यावर ठपका कटाचा होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दाद नाकारली. २३ मार्चला तिघे फासावर गेले.

निष्कर्ष : साँडर्स आणि चननसिंग यांच्या खुनाचा खटला चालवणे सरकारचे कर्तव्यच होते. पण रीतसर न्यायालयात जे सिद्ध करायचे, त्यासाठी न्यायालयच बदलून सरकारने स्वतःचा निकाल संशयास्पद केला. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १२३ मध्येही वटहुकूम आहे, मात्र तो संसदेपुढे ठेवावाच लागतो.