देवदाराचा राखणदार

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा निरोप होता. आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे निदान दहा जण आपल्या तुकडीत आहेत. म्हणून मी एका झाडाचा इतिहास लिहिते आहे. त्याची सुरुवात मात्र शाळेतच होते.

हस्तकलेच्या खोलीत रंगांचे डबे ज्या खोक्यांत ठेवलेले असत, त्यांना शिपाईमामा 'देवदारी खोकी' म्हणत. पांढरट, हलके लाकूड; खिळा जरा जोरात ठोकला की चिरणारे. त्यामुळे देवदार म्हणजे स्वस्तातले लाकूड अशी माझी पक्की समजूत होती. नववीत संस्कृतच्या बाईंनी एका मोकळ्या तासाला 'रघुवंशा'तली दिलीप राजाची गोष्ट सांगितली, तेव्हा शंकराने अशा झाडाला मुलगा का मानावे, हे मला कळेना. मी तसे विचारलेही. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मी तरी ते झाड कुठे पाहिलंय? तू पाहून ये आणि मला सांग."

पाहायला मला बरीच वर्षे लागली. मनालीजवळ ढुंगरीच्या रानात हिडिंबेचे मंदिर आहे, १५५३ साली बांधलेले. आपल्यापैकी अर्ध्याअधिक जणांनी तिथे फोटो काढले असतील. मंदिराभोवतीचे ते उंच, सरळसोट, काळपट हिरवे वृक्ष हेच देवदार. ते सीडरच्या घराण्यातले, लेबनॉनच्या प्रसिद्ध सीडरचे सख्खे भावंड. लाकूड पिवळसर तपकिरी, आणि त्यात इतके तेल की नुसत्या कापलेल्या तुकड्याचाही वास दरवळतो. या तेलामुळेच वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. आपली खोकी चिडासारख्या पाइनच्या जातीची होती. बाजाराने त्यांना मोठ्या घरचे नाव देऊन टाकले होते, इतकेच.

गोष्ट विसरला असाल तर थोडक्यात सांगते. मूल व्हावे म्हणून दिलीप राजा वसिष्ठांच्या नंदिनी गाईची सेवा करतो. २१ दिवस नीट जातात. बाविसाव्या दिवशी गाय हिमालयातल्या एका गुहेत शिरते आणि सिंह तिच्यावर झडप घालतो. राजा बाण काढायला जातो तो हात बाणालाच चिकटतो. मग सिंह बोलू लागतो. मी शंकराचा सेवक कुंभोदर, समोरचा देवदार शंकराचा मानलेला मुलगा, पार्वतीने त्याला स्वतः पाणी घालून वाढवले. एकदा एका रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली, तेव्हा पार्वतीला कार्तिकेयाला जखम झाल्यासारखे दुःख झाले. तेव्हापासून मी इथे राखण करतो आणि जे जनावर जवळ येईल ते खातो. राजा गाईच्या बदल्यात स्वतःचा देह देऊ करतो. शेवटी ही सारी परीक्षा होती असे निघते आणि गाय वाचते. पण झाडाची राखण आणि गाईचा जीव यांत झालेली ती पहिली झटापट माझ्या डोक्यातून गेली नाही.

देवदार माणसांना फार आधीपासून हवा होता. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे ३७८ खांब आहेत. सुलतान सिकंदरने १३९४ साली तिचे काम सुरू केले. मशीद आगीत जळाली आणि पुन्हा उभी राहिली, असे एकदा नव्हे, तीनदा झाले. दर वेळी रानातून लाकूड आले. तरी राने पुरून उरली, कारण एका खांबासाठी माणसे आणि बैल किती राबवायचे, यालाच मर्यादा होती.

ती मर्यादा रेल्वेने संपवली. १८५३ साली मुंबई–ठाणे गाडी धावली, १८६२ साली लाहोर–अमृतसर. दक्षिणेत सागवान होता, तराईत साल होता, पंजाबात जवळ होता तो वरच्या डोंगरातला देवदार. त्याचा आणखी एक गुण ठेकेदारांच्या कामी आला, तो म्हणजे पाण्यावर तरंगण्याचा. साल नदीत टाकला तर बुडतो. देवदाराचे ओंडके आणि स्लीपर सतलज, चिनाब, भागीरथीत सोडून द्यायचे आणि खाली मैदानात अडवून गोळा करायचे, असा मोठा धंदा उभा राहिला. गंगोत्रीच्या वाटेवरचे हर्सिल ज्याने गाठले आणि टिहरीच्या राजाकडून राने मक्त्याने घेतली, तो 'पहाडी' विल्सन यातूनच इतका गबर झाला की त्याने स्वतःची नाणी पाडली.

आता थोडा हिशेब, माझ्या धंद्याची खोड म्हणून. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर साधारण १० फूट लांब, १० इंच रुंद, ५ इंच जाड. दर यार्डाला एक धरला तरी एका मैलाला १७६० स्लीपर लागतात. स्लीपर टिकणार बारा-चौदा वर्षे, मग नवा. आणि स्लीपर निघण्याजोगे झाड वाढायला शंभराहून अधिक वर्षे. जी यंत्रणा एका शतकात तयार होणारी वस्तू चौदा वर्षांत खाऊन टाकते, ती कधीतरी अडकणारच. हे सरकारच्याही ध्यानात आले. ह्यू क्लेगहॉर्न या पेशाने डॉक्टर असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पंजाब आणि पश्चिम हिमालयातल्या रानांची पाहणी केली. त्याचा अहवाल १८६४ साली निघाला. त्याच वर्षी डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ आणि १८७८ साली वनकायदे आले. खुणा केल्याशिवाय झाड तोडायचे नाही, बी पडण्यासाठी मोठी झाडे राखायची, कोवळ्या रोपांत गुरे घालायची नाहीत, असे नियम झाले. ते नसते तर आज ढुंगरीसारखी देवाच्या नावाने राखलेली बने तेवढी शिल्लक राहिली असती, असे मला वाटते.

पण कुंभोदर आला तो गाईवरच धावून. रेल्वेच्या भुकेसाठी राने राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारणारी, पाला-सरपण आणणारी गावे एका रात्रीत चोर ठरली. हत्ती कोण होता, हे सगळ्यांना माहीत होते. टिहरी संस्थानात वनखात्याच्या हद्दी गावांच्या अंगणाला भिडल्या, तेव्हा रवाईंचे लोक उठले. ३० मे १९३० रोजी यमुनेकाठी तिलाडीच्या मैदानात ते जमले असताना संस्थानच्या सैन्याने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. या वेळी गाईच्या जागी स्वतःला देऊ करणारा दिलीप कोणी नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिडाच्या लाकडाला क्रिओसोट पाजून स्लीपर करता येऊ लागले आणि देवदारावरचा भार काहीसा हलका झाला.

वनखात्याने गुरांना दोष दिला त्यात तथ्यही होते, हे रोप लावून पाहिल्यावर कळते. देवदाराची पिंपाच्या आकाराची शंकूफळे फांदीवर उभी राहतात, वर्षभराने पिकतात आणि झाडावरच उकलून पंख असलेले बी वाऱ्यावर सोडतात. बियांत तेल असल्याने त्या फार दिवस ठेवता येत नाहीत, लवकर पेराव्या लागतात. भरपूर बी दर वर्षी येतही नाही. लहान रोपाला थोडी सावली, बर्फाची ओल आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. वर वीतभर दिसण्याआधी ते खाली लांब मूळ सोडते, म्हणून हलवले की रुसते. मी हौसेने पुण्यात कुंडीत एक लावले होते. मे महिना त्याने काढला, पण ऑगस्टच्या चिखलात गेले.

पुण्याचा आणि देवदाराचा खरा संबंध वेगळाच आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुन्या देवदारांच्या खोडांतून पेन्सिलीएवढे नमुने काढून त्यांची वर्षवलये मोजली. मार्च ते मे कोरडे आणि उष्ण गेले की त्या वर्षीचे वलय बारीक येते, पाऊस झाला की रुंद. हवामानाच्या नोंदी ठेवायला सुरुवात होण्याआधीची वर्षे अशी वाचता येतात. झाड त्यासाठी पाडावे लागत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तर ७०० वर्षांहून जुन्या देवदाराची अख्खी चकती ठेवली आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. सालीच्या बाजूने आत मोजत जायचे, काही वलये ओलांडली की वनकायदे, त्याच्याही आत गाडी नसलेला हिंदुस्थान, अशी ती वाचत होते.

फोनमध्ये त्या चकतीचा फोटो आहे. संमेलनाला बाई येणार आहेत असे कळले. तो मोठा छापून आणते आहे. झाड पाहून आल्याचे सांगायचे राहिले आहे.