ताणलेल्या तारांचं कूळ

रोड सायकल घ्यायला निघालेला माणूस फ्रेम ठरवतो, गिअर ठरवतो आणि चाकांपाशी येऊन अडतो. कारखान्यातून तयार आलेली जोडी घ्यायची, की हब, रिम आणि स्पोक वेगवेगळे निवडून कारागिराकडून चाकं बांधून घ्यायची? आज बांधून घेणं हे हौसेचं आणि खर्चाचं काम वाटतं. पण १९९०च्या दशकापर्यंत बहुतेक सायकलपटूंना हा प्रश्न पडतच नव्हता. शर्यतीत धावणारं जवळपास प्रत्येक चाक कुणीतरी हातानेच बांधलेलं असे. चाकांच्या या घराण्यात नवीन आली ती तयार जोडी.

घराणं समजायचं तर आधी बैलगाडीचं चाक आठवावं. मधे तुंबा, त्यातून निघालेले जाड लाकडी आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. गाडीचा भार तुंब्यावर, तुंब्याचा खालच्या आऱ्यावर, आऱ्याचा जमिनीवर. आरा दाबला जातो, म्हणून तो जाड लागतो. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशोंच्या कारखान्यातून निघालेल्या पायडलच्या सायकलींना अशीच लाकडी चाकं होती, वर लोखंडी पट्टी. त्यांवर बसून दगडी रस्त्याने जाणाऱ्यांच्या कंबरेचे हाल काय झाले असतील ते सांगायला नको.

सायकलच्या चाकातल्या तारेचं, म्हणजे स्पोकचं, गणित उलटं. तार दाबली की वाकते, पण ओढली तर तिच्या जाडीच्या मानाने प्रचंड जोर सोसते. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांना हे सायकलच्याही आधी सुचलं होतं. उडत्या यंत्राला हलकी चाकं हवीत, म्हणून १८०८ साली त्यांनी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या दोऱ्या असलेल्या चाकाची कल्पना टिपून ठेवली. यंत्र तेव्हा उडालं नाही आणि चाकही कागदावरच राहिलं. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजेन मेयर यांनी तारेच्या चाकाचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' नावाच्या उंच चाकाच्या सायकलीचं पेटंट घेतलं. स्टार्ली मूळचे शिवणयंत्रांच्या धंद्यातले, त्यामुळे बारीक लोखंडी कामात हात बसलेला.

एरियलची युक्ती मजेशीर होती. तारा हबपासून रिमपर्यंत सरळ गेलेल्या, आणि हबला दांड्या जोडलेल्या. दांड्यांनी हब रिमच्या मानाने थोडा फिरवला की सगळ्या तारा एकदम ताणल्या जात. सोय मोठी, पण एकच तार सैल असेल तर तिचं वेगळं काही करता येत नसे. शिवाय सरळ तारांना हबची पिळवट रिमपर्यंत नीट पोचवता येत नाही. स्वार पायडल मारतो तेव्हा हब आधी वळू पाहतो आणि रिम मागे राहतो. १८७४ मध्ये स्टार्लींनी यावरही उपाय काढला. तारा हबच्या कडेला स्पर्शून तिरप्या न्यायच्या, निम्म्या पुढे ओढणाऱ्या आणि निम्म्या मागे. आज कोणत्याही साध्या सायकलच्या मागच्या चाकात तारा एकमेकींना छेदून जाताना दिसतात, त्याचं मूळ हे.

पुढे प्रत्येक तारेच्या टोकाला फिरवता येणारं निपल रूढ झालं, प्रत्येक तार स्वतंत्रपणे कसता येऊ लागली आणि त्याबरोबर एक धंदा जन्माला आला. चाक बांधणारा निपलवर किल्ली लावतो, पाव फेरा देतो, चाक फिरवतो, रिम कुठे डुलतो ते बघतो आणि पुन्हा पाव फेरा देतो. आपल्याकडे याला 'आउट काढणे' म्हणतात. रस्त्यावरचा मेस्त्री सायकल उलटी करून रिमजवळ खडू धरतो. जिथे खडू घासला तिथे रिम त्या बाजूला गेलाय. मग समोरच्या बाजूची तार कसायची, याच बाजूची सैल करायची. मुरलेला माणूस मधूनच तारा छेडून ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात बोलल्या पाहिजेत, तंबोरा लावताना कान जसा तयार असतो तसा. बेसूर तार म्हणजे ताण चुकलेला, मग रिम वरवर कितीही सरळ दिसो.

हा ताण थोडाथोडका नसतो. रोड सायकलच्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका तारेवर शंभर ते सव्वाशे किलो भाराइतकी ओढ असते. गिअरची चकती जागा खाते, म्हणून हब एका अंगाला सरकलेला असतो आणि डाव्या बाजूच्या तारांवर त्याच्या साधारण निम्मीच ओढ येते. मागचं चाक लवकर कुरकुरतं त्याचं एक कारण हे.

१९३० च्या दशकात रिमनेही कात टाकली. शर्यतीतले रिम तेव्हा लाकडी असत. फ्रान्सच्या माविक कंपनीने ड्युरल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा रिम बनवला आणि १९३४च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये आंतोनिन मान्ये यांच्या सायकलला तो बसवला. प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून त्यावर लाकडासारखा रंग दिला होता, असं सांगितलं जातं. ती शर्यत मान्ये यांनी जिंकली. रिम एका कारखान्याचा, हब दुसऱ्या कारखान्याचा, तारा तिसऱ्याच्या आणि बांधणारा चौथा, ही वाटणी मात्र आणखी साठेक वर्षं तशीच राहिली.

कारागिरांच्या या परंपरेला शास्त्राची जोड दिली जॉब्स्ट ब्रँट या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने. १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात त्यांनी संगणकाच्या मदतीने हिशेब मांडला. भार पडतो तेव्हा वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही, जमिनीलगतच्या काही तारांचा मात्र लक्षणीय घटतो. म्हणजे चाक खालच्याच तारांवर उभं असतं, फक्त आधीच ताणून ठेवल्यामुळे त्या तारा वाकत नाहीत. बिचाऱ्या तारेचा ताण दर फेऱ्यात एकदा सैल पडतो आणि पुन्हा चढतो, आणि अशा लाखो फेऱ्यांनंतर ती थकून हबजवळच्या वाकड्या कोपरात तुटते. ब्रँट यांचा उपाय साधा होता. चाक बांधून झालं की समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायच्या. कोपरात घडणीच्या वेळी अडकून राहिलेला ताण त्याने निघून जातो. मोठ्या उत्पादनासाठी यंत्रं तारा झपाट्याने कसत आणि ही पायरी गाळून चाक पुढे ढकललं जाई. यंत्राच्या चाकांची बदनामी झाली त्यात हे आवळणं गाळण्याचा वाटा मोठा आहे.

मग कारखाना शर्यतीच्या चाकांच्या खेळात आला कसा? वाऱ्यामुळे. १९७२ मध्ये सायकलपटू एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले होते. जानेवारी १९८४ मध्ये त्याच शहरात फ्रांचेस्को मोझेर यांनी भरीव चकत्यांच्या चाकांवर ५१.१५१ किलोमीटर गाठले. तारा हवा कापतात आणि वेग खातात हे सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. कमी तारा आणि खोल रिम हवा असेल तर रिम, हब, तारा एकमेकांसाठीच घडवाव्या लागतात, आणि ते चार वेगळ्या धंद्यांचं काम राहत नाही. माविकने १९९६ मध्ये 'हेलियम' ही तयार जोडी बाजारात आणली, १९९९ मध्ये 'क्सिरियम'. क्सिरियमच्या तारा जाड ॲल्युमिनियमच्या होत्या, पुढे फक्त १८ आणि मागे २०. चाक ताठ, देखणं, लगेच बसवून निघता येण्याजोगं. हौशी सायकलपटूंनी ते डोक्यावर घेतलं यात नवल नाही.

तरी दगडी रस्त्यांवर जुनं घराणं टिकून होतं. पॅरिस-रूबे शर्यतीत २००० च्या दशकातही अनेक संघ पुरस्कर्त्यांची झगमगती चाकं बाजूला ठेवून आंब्रोझिओच्या साध्या रिमवर हाताने बांधलेली ३२ तारांची चाकं वापरत. २०१० मध्ये फाबियान कान्चेलारा यांनी झिपच्या कार्बन चाकांवर ती शर्यत जिंकली आणि तोही गड पडला. आता तिथेही कार्बनच दिसतो.

मग बांधून घेण्यात अर्थ उरला का? उरला, आणि तो तार तुटल्यावर कळतो. क्सिरियमची तार क्सिरियमलाच लागते, तीही त्या-त्या मॉडेलच्या मापाची. २०२० मध्ये माविक आर्थिक संकटात सापडून ग्रनोबलच्या न्यायालयात गेली. त्याच वर्षी बूरेलिए समूहाने ती विकत घेतली. मधल्या काळात सुटे भाग मिळतील की नाही, या काळजीत जगभरचे चाकमालक होते. ज्याच्या चाकात स्वित्झर्लंडच्या डीटी किंवा बेल्जियमच्या सापिमच्या वाकड्या कोपराच्या साध्या तारा होत्या, त्याला ही काळजी नव्हती. माप जुळलं की कुठलीही चांगली तार चालते.

हाताने बांधलेलं ते चांगलंच, असंही धरून चालू नये. घाईत बांधलेलं कारागिराचं चाक कारखान्याच्या चाकाहून लवकर डुलतं, आणि महागड्या तयार चाकांवरही बहुतेकदा शेवटचा हात माणसाचाच फिरतो. तेव्हा वापर बघून ठरवा. शर्यत लावायची असेल, वजन बेताचं असेल आणि शहरात सेवा केंद्र असेल, तर खोल रिमची तयार जोडी घ्या. पुण्या-मुंबईच्या क्लबांमधून दोनशे-सहाशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांनी, अंगाने भारी असलेल्यांनी आणि रात्रीच्या दिव्यासाठी डायनॅमो हब हवा असलेल्यांनी चाकं बांधून घ्यावीत, निदान २८ तारांची, मागे ३२. तुटलेल्या तारेने अशा चाकाचा डोल वाढतो, पण शेजारच्या तारा थोड्या सैल-घट्ट करून बहुतेकदा घरी पोचता येतं. २० तारांच्या चाकात ती मुभा फार कमी असते. बांधणाऱ्याकडून बिलावर दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, कारण मागच्या चाकात ती दोन्हीकडे बहुधा वेगळी असते, आणि प्रत्येक मापाच्या दोन तारा जादा मागून ठेवा.